डेनिम आणि फ्लॅनेलच्या चौकोनांची दोन्ही बाजूंनी वापरता येणारी गोधडी

वर्षाऋतू (इंदूर)

इंदुरात कडक थंडी फार तर दोन महिने, पण ती आली की नुसती चादर पुरत नाही. त्यासाठी डेनिम-फ्लॅनेलची गोधडी फार सोयीची. एक बाजू जीन्सची, टणक आणि मळखाऊ. दुसरी फ्लॅनेलची, अंगाला लागणारी. मध्ये कापूस नाही की वेगळं अस्तर नाही. डेनिमचा एक चौकोन आणि फ्लॅनेलचा एक चौकोन पाठीला पाठ लावून शिवायचे. असे जोड एकमेकांना जोडताना शिवणी मुद्दाम डेनिमच्या बाजूला बाहेर ठेवायच्या, त्यांना कात्रीने काप द्यायचे. धुतलं की त्यांची झालर होते. फ्लॅनेलची बाजू सपाटच राहते.

मापं अशी. सगळे चौकोन ८ × ८ इंच कापायचे. शिवणीत चारही बाजूंनी अर्धा इंच जातो, म्हणून तयार चौकोन ७ इंचांचा दिसतो. आडवे ८, उभे ११, एकूण ८८ डेनिमचे आणि तितकेच फ्लॅनेलचे. गोधडी ५६ × ७७ इंच होते. ३६ × ७२ च्या सिंगल गादीवर दोन्ही अंगांना १० इंच खाली येते.

फ्लॅनेल ४४ इंच पन्ह्याचं असेल तर धुतल्यावर पन्हा ४२ च्या आसपास राहतो. एका ओळीत ५ चौकोन, ८८ साठी १८ ओळी, म्हणजे १४४ इंच लांबी. लांबीत १० टक्के आटेल असं धरून १६० इंच लागतात. सव्वाचार मीटर घ्या. ३६ पन्हा असेल तर ओळीत चारच बसतात, २२ ओळी होतात, तेव्हा सव्वापाच मीटर घ्यावं लागतं.

मोठ्या माणसाच्या सरळ पायाच्या एका जीन्समधून गुडघ्याचा झिजलेला भाग सोडला तर ७-८ चौकोन निघतात. ८८ साठी बारा जीन्स गोळा करा. लहान मुलांच्या जीन्स या मापाला उपयोगाच्या नाहीत.

फ्लॅनेल घेताना एक नक्की बघा: ते सुतीच हवं. हिवाळ्यात पोलर फ्लीसही सर्रास फ्लॅनेल म्हणून विकलं जातं. त्याच्या कडा सुटत नाहीत, म्हणजे झालरच होणार नाही. टोकाचे चार धागे जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. इंदूरचं एमटी क्लॉथ मार्केट मुख्यतः ठोक व्यापाराचं, त्यामुळे चार-पाच मीटरसाठी राजवाड्याजवळच्या किरकोळ दुकानांत विचारलेलं बरं.

दोन्ही कपडे कापण्याआधी धुवायचेच. फ्लॅनेल न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, डेनिम आटत नाही, आणि प्रत्येक चौकोनाचं पोट फुगतं. ते नंतर कशानेही सरळ होत नाही.

टेलरमास्तर_राजवाडा

वर्षाताईंनी मापं बरोबर दिली आहेत. मी कापण्याबद्दल लिहितो, कारण जोडताना कोपरे जुळत नाहीत त्याचं मूळ नव्वद टक्के वेळा कापण्यात असतं.

जीन्सचा पाय उसवून सपाट केला की बाजूची शिवण हीच सरळ रेषा असं लोक धरतात. ते चुकीचं आहे. डेनिम तिरप्या विणीचं असतं आणि धुण्यागणिक पीळ खातं. कितीतरी जीन्सची बाहेरची शिवण घोट्याशी पुढे आलेली दिसते ती यामुळेच. शिवण सोडून द्या, कपड्याचा उभा धागा शोधा. डेनिमच्या सुलट बाजूला निळे धागे उभे असतात. कडेला छोटा काप देऊन एक धागा ओढा, त्याची जी रेघ पडेल ती खरी. साचा त्या रेघेला लावायचा. धाग्यात न कापलेला चौकोन उरेबात, म्हणजे धाग्याला तिरपा जातो, हातात घेतला की ताणला जातो आणि आठाचा सव्वाआठ होतो.

साचा पुठ्ठ्याचा करू नका. खडू फिरून फिरून पुठ्ठ्याच्या कडा झिजतात, शेवटचे चौकोन पहिल्यांपेक्षा लहान निघतात. सुताराकडून सनमाइकाचा तुकडा बरोबर ८ × ८ कापून घ्या, गुण्या लावून चारही कोन तपासा. पाठीला बारीक सॅंडपेपर चिकटवला की साचा कपड्यावरून सरकत नाही. रोटरी कटर असेल तर डेनिमला ६० मिलिमीटरचं पातं चांगलं, एका वेळी दोनच थर. कात्रीने कापत असाल तर एकच थर. चार थर एकत्र कापले की खालचा थर पुढे सरकतो.

रिव्हेट, बटण, चेन आधीच काढून टाका. मशीनखाली रिव्हेट आलं की सुई तुटतेच, पण हुकाला चरा पडला तर तो पुढे प्रत्येक कामात दोरा तोडत राहतो.

नवी_सुई

मास्तर, हल्लीच्या जीन्स बहुतेक स्ट्रेचच्या असतात. त्या चालतील का? आणि कारखान्यातली डेनिमची कात्रणं किलोवर मिळतात, ती घेतली तर?

टेलरमास्तर_राजवाडा

स्ट्रेच शक्यतो बाजूला ठेवा. लेबलवर इलास्टेन, स्पॅन्डेक्स, लायक्रा यांपैकी काही असेल तर तो कपडा आडवा ताणतो. टीप मारताना मशीनचे, कपडा पुढे सरकवणारे दाते त्याला खेचतात आणि शिवण लाटेसारखी होते. लेबल नसेल तर आडव्या दिशेला चार इंच पट्टीवर धरून ओढा. पाव इंचापेक्षा जास्त वाढलं की बाद. वापरायचंच असेल तर मागून पातळ पेस्टिंग इस्त्रीने चिकटवा, पण मग तो चौकोन कडक राहतो.

कात्रणं चालतात, मात्र ती कोरी असतात. त्यात गिरणीची खळ असते आणि सुटा इंडिगो भरपूर. इंडिगो धाग्याच्या वरच्या थरावर बसतो, गाभ्यापर्यंत मुरत नाही. म्हणून तो पाण्यात सुटतो तसा नुसत्या घासण्यानेही निघतो. मीठ किंवा व्हिनेगर घालून तो पक्का होत नाही. वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा. फडकं निळं होत असेल तर अजून एकदा. फिकट फ्लॅनेल वापरणार असाल तर हे टाळू नका, घडी घालून ठेवलेली गोधडीसुद्धा निळे डाग घेते.

मोजमाप

वेगवेगळ्या जीन्स एकत्र करताना डेनिमचं वजन बघायला हवं. जाड आणि पातळ चौकोन शेजारी आले की सगळा ताण पातळावर येतो आणि तो शिवणीलगत फाटतो. हाताने जाडी कळत नाही, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कळते. ८ इंची चौकोनाचं क्षेत्रफळ ०.०४१३ चौरस मीटर. ८ औंसाच्या (म्हणजे चौरस यार्डाला ८ औंस वजनाच्या) डेनिमचा चौकोन साधारण ११ ग्रॅम भरतो, १० औंसाचा १४, १२ औंसाचा १७, १४ औंसाचा २० च्या जवळ. एकेक मोजण्यापेक्षा एकाच जीन्सचे पाच चौकोन एकत्र ठेवून पाचाने भागा. १४ ते १७ ग्रॅमचे घ्या. ११ चे दुसऱ्या कामाला ठेवा. २० चे सगळेच असतील तर घरच्या मशीनवर हे काम जड जातं.

एकूण वजनही काढून ठेवतो. १२ औंस डेनिम ८८ चौकोनांचं दीड किलो. फ्लॅनेल १६० जीएसएमचं (चौरस मीटरला १६० ग्रॅम) धरलं तर ६०० ग्रॅमच्या आत. म्हणजे कोरडी गोधडी दोन किलोच्या थोडी वर. कात्रणं विकत घेताना छाट लक्षात घेऊन अडीच किलो घ्या.

रंगसंगती

झालरीच्या रंगाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा. शिवणीला काप दिल्यावर तिला समांतर असलेले धागे गळून पडतात आणि तिच्याशी काटकोनातले धागे उभे राहतात. आता हिशेब बघा. चौकोनाच्या वरच्या-खालच्या कडेला समांतर धागे पांढरे, ते गळतात, उरतात निळे. तिथली झालर निळी. डाव्या-उजव्या कडेला उलटं, निळे गळतात आणि पांढरे उरतात. सगळे चौकोन एकाच दिशेने लावले तर गोधडीच्या सगळ्या आडव्या रेषा निळ्या आणि सगळ्या उभ्या रेषा पांढऱ्या दिसतील. हे हवं असेल तर छानच, पण हवं असेल म्हणून करा. एक चौकोन उभा आणि शेजारचा आडवा असं बुद्धिबळाच्या पटासारखं लावलं तर प्रत्येक शिवणीत एक पदर निळा आणि एक पांढरा येतो, झालर करड्या निळ्या रंगाची भरदार दिसते. मला हीच जास्त आवडते.

यासाठी कापतानाच प्रत्येक चौकोनाच्या मागे खडूने उभ्या धाग्याचा बाण काढून ठेवा. चौकोन कापून झाला की सहज लक्षात राहत नाही.

झालरीत फ्लॅनेलचाही पदर असतो, त्यामुळे फ्लॅनेलचा रंग डेनिमच्या बाजूला डोकावतो. लाल चौकड्यांचं फ्लॅनेल घेतलं तर निळ्यात लाल धागे दिसतात. छापील फ्लॅनेलची मागची बाजू फिकट असते, तिची झालर धुरकट दिसते. विणलेल्या चौकड्यांचं फ्लॅनेल दोन्ही बाजूंनी सारखं रंगीत असतं. झालरीसाठी तेच घ्या.

मांडणीसाठी सगळे चौकोन जमिनीवर पसरून फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. रंगात न दिसणारे गडद डाग त्यात लगेच दिसतात. मग प्रत्येकाला चिठ्ठी टाचा: ओळ १ चौकोन १, ओळ १ चौकोन २, अशी शेवटपर्यंत.

लष्करकर (ग्वाल्हेर)

आमच्याकडे जानेवारीत इंदूरपेक्षा बरीच जास्त थंडी असते, दोन थरांत भागत नाही. मध्ये पिंजलेला कापूस घातला तर चालेल का?

टेलरमास्तर_राजवाडा

ताई, पिंजलेला कापूस नको. या गोधडीत एका चौकोनाला फक्त एक फुली असते, म्हणजे सात-सात इंचांत दोनच टिपा. सुटा कापूस दोन-तीन धुण्यांत कोपऱ्यात गोळा होतो. त्याला दोन-अडीच इंचांवर धागे हवेत, आणि तेवढ्या टिपा मारल्या की डेनिम पुठ्ठ्यासारखं कडक होतं.

मधला थर हवाच तर दुसरं फ्लॅनेल घाला. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, फ्लॅनेलच्या लवेत ती भरपूर अडकते. जुनी मऊ सुती चादर चालेल, जुनं पातळ ब्लॅंकेटही चालेल. हा मधला चौकोन ८ इंची नाही, पावणेसात इंचांचा कापा आणि मधोमध ठेवा, म्हणजे तो शिवणीत येणार नाही. फुलीने तो धरला जातो.

मोजमाप

मध्ये फ्लॅनेल घातलं की आणखी ४०० ग्रॅम. अडीच किलोपर्यंत जाईल. ग्वाल्हेरला योग्य, इंदुरात बहुतेक रात्री जास्त होईल.

टेलरमास्तर_राजवाडा

आता शिवण. थोडं लांब आहे, पण सगळं वाचूनच मशीनवर बसा.

सुई १६ नंबरची जीन्सची. जाड डेनिमला १८. घरच्या मशीनला एका बाजूने चपट्या बुडाची सुई लागते, कारखान्याच्या मशीनला गोल बुडाची, तेव्हा दुकानात मशीन कोणतं ते सांगा. एवढ्या कामाला तीन-चार सुया लागतील असं धरा. सुई बोथट झाली की 'टक टक' आवाज येतो, तो आला की लगेच बदला, तुटायची वाट बघू नका. दोरा पॉलिएस्टरचा, वर आणि खाली एकच. तीनशे मीटरमध्ये सगळं होतं.

पहिलं काम फुलीचं. फ्लॅनेल खाली, सुलट बाजू दात्यांकडे; डेनिम वर, सुलट बाजू तुमच्याकडे. फ्लॅनेल खालीच का? दाते खालचा थर जास्त खेचतात, वरून कपडा दाबणारा मशीनचा फूट वरचा थर मागे धरतो. सैल आणि ताणणारा कपडा खाली असला की त्याची वाढ मुरते. वर असला तर फुटापुढे गोळा होत जातो आणि शेवटी चुणी पडते. कोपऱ्याकोपऱ्यातून तिरपी टीप, टाका साडेतीन मिलिमीटर. टीप शिवणीच्या अर्ध्या इंचात नेऊ नका, तिथे सुरुवात आणि शेवट दोन्ही आत ठेवा. नाहीतर झालर त्या जागी टाक्यात अडकते आणि फुलत नाही. ही टीप उरेबात जाते, कपडा हाताने ओढू नका. वॉकिंग फूट (वरचा थरही बरोबरीने पुढे सरकवणारा) असेल तर लावा. एक चौकोन संपला की दोरा न तोडता पुढचा सरकवा, सगळ्या चौकोनांची माळ होते. शेवटी मधले दोरे कापायचे.

दुसरं काम ओळी जोडण्याचं. दोन चौकोन फ्लॅनेलला फ्लॅनेल लावून धरायचे, डेनिम दोन्ही बाहेरच्या अंगाला. इथे फ्लॅनेलची लव एकमेकांना धरून राहते, कपडा फारसा सरकत नाही. अर्ध्या इंचावर टीप, टाका अडीच ते तीन. फुलीपेक्षा लहान टाका मुद्दाम सांगतो: या शिवणीलगत कपडा सुटणारच आहे, लांब टाक्यातून फ्लॅनेलचे धागे निसटतात. सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप.

तिसरं काम ओळीला ओळ, आणि इथेच अडचण येते. जिथे चार चौकोन मिळतात तिथे थर मोजा. दोन्ही ओळींच्या शिवणीचे पदर उघडून दोन बाजूंना पाडले तर सुईखाली ८ थर येतात, त्यांतले ४ डेनिमचे. दोन्ही पदर एकाच बाजूला पडले तर १२ थर होतात, ६ डेनिमचे. घरचं मशीन आठ थर ओलांडतं, बारा ओलांडताना टाके सोडतं. म्हणून प्रत्येक शिवण आधी बोटाने, मग इस्त्रीने उघडून घ्या आणि प्रत्येक पदराला चिमटा लावा. टाचण्या इथे वाकतात.

टाके का सुटतात तेही सांगतो. चढावर फुटाची पुढची बाजू वर उचलली जाते, कपडा सुईबरोबर वर-खाली होतो आणि खाली दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही. हुक फासाशेजारून निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे फूट सपाट ठेवणं. चढावर आलात की सुई कपड्यात ठेवून फूट उचला, फुटाच्या मागच्या बाजूखाली डेनिमची चार पदरी घडी सरकवा, फूट खाली करा आणि पाच-सहा टाके हातचाकाने काढा. उतारावर तीच घडी पुढून. सुई मोडते ती जाडीमुळे कमी आणि मागून कपडा ओढल्यामुळे जास्त. ओढलं की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते.

वर्षाऋतू

मास्तरांच्या सांगण्यात एक भर. अकरा ओळी एकापुढे एक जोडत जाऊ नका. प्रत्येक नव्या ओळीबरोबर मशीनवरून लोंबणारं वजन वाढतं. वजनाने कपडा मागे-बाजूला ओढला जातो, टाके लहान-मोठे होतात. सहा ओळींचा एक भाग आणि पाच ओळींचा दुसरा भाग करा. सगळं वजन फक्त शेवटच्या एका शिवणीला येतं. तेव्हाही मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल किंवा खुर्च्या लावून गोधडी मशीनच्या पातळीला आणा.

कडा: चारही बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप, आणि तिच्या आत एक सूत सोडून दुसरी. बाहेरच्या कडेला धरून ठेवायला शेजारचा चौकोन नसतो, एकच टीप असेल तर ओढाताणीत तीच आधी उसवते. गोट लावायची गरज नाही.

नवी_सुई

एक सूत म्हणजे नक्की किती? आणि काप किती अंतरावर, किती खोल द्यायचे?

वर्षाऋतू

इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. काप तीन-तीन सुतांवर द्या. खोली अशी की टिपेच्या आधी एक सूत कपडा शिल्लक राहील. त्यापेक्षा कमी खोल काप दिला तर झालर आखूड आणि ताठ राहते. काप दूर-दूर दिले, समजा इंचावर, तर झालरीऐवजी चौकोनी जिभा दिसतात आणि धुतल्यावर त्या गुंडाळल्या जातात.

आतल्या सगळ्या शिवणी १०९९ इंच, चार कडा २६६ इंच, एकूण १३६५. तीन सुतांवर काप म्हणजे साडेतीन हजारांवर काप होतात, आणि आतल्या शिवणींच्या प्रत्येक कापात चार थर. साध्या कात्रीने अंगठ्याच्या बुडाशी फोड येतो. स्प्रिंगची, आपोआप उघडणारी कात्री घ्या, टोकापर्यंत धार असलेली. थोडं थोडं करत चार-पाच बैठकींत करा. चार चौकोन मिळतात तिथे आडव्या टिपेने दाबलेले उभे पदर असतात, ते आधी बोटाने बाजूला करून मग काप द्या, सगळ्यांत जास्त टिपा तिथेच कापल्या जातात.

टीप कापली गेलीच तर उसवू नका. कापाच्या इंचभर आधीपासून इंचभर पुढेपर्यंत, जुन्या टिपेच्या एक धागा आतून नवी टीप मारा. फ्लॅनेलच्या बाजूला किंचित चुणी येते, धुतल्यावर दिसत नाही.

सरळ_टीप

ही पद्धत चांगली आहे, पण माझं मत असं की झालर असलेली बाजू वापरताना सूत सोडत राहते आणि लहान मुलं ते धागे ओढतात. दोन्ही बाजू स्वच्छ हव्या असतील तर डेनिमची वर्तुळं वापरा.

डेनिमचं वर्तुळ साडेआठ इंच व्यासाचं. त्यात बरोबर बसणारा चौकोन ६ इंचांचा, व्यासाला ०.७०७ ने गुणा, कुठल्याही मापाला चालतं. वर्तुळाच्या उलट बाजूवर ६ इंची चौकोन खडूने आखायचा. दोन वर्तुळं सुलटला सुलट लावून त्या रेघेवर टीप मारायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच. उघडलं की उलट बाजूला दोन चंद्रकोरी उभ्या राहतात, मधोमध सव्वा इंच उंच. सगळी वर्तुळं अशी जोडून झाली की प्रत्येक चौकोनात फ्लॅनेलचा ६ इंची तुकडा ठेवायचा, चंद्रकोरी त्यावर पाडायच्या आणि त्यांच्या गोल कडेपासून पाव इंचावर टीप मारायची.

यात चार तुकडे मिळतात तिथे चंद्रकोरीची उंची शून्य असते. जाडीचा चढ येतच नाही. मास्तरांनी आठ थरांची जी कसरत सांगितली ती इथे नाही, म्हणून हलक्या मशीनवर हीच पद्धत करावी. गोल कड बऱ्याच ठिकाणी उरेबात जाते, त्यामुळे सूतही थोडंच सुटतं. ५४ × ७८ इंचांसाठी आडवी ९ आणि उभी १३, एकूण ११७ वर्तुळं.

वर्षाऋतू

हे दिसतं फार सुंदर, डेनिमच्या बाजूला टिपांच्या पाकळ्या उमटतात. दोन गोष्टी मात्र आधी माहीत असाव्यात. चौकोनातून वर्तुळ कापताना एकवीस टक्के डेनिम वाया जातं. आणि गोल टिपा मारताना प्रत्येक वेळी सगळी गोधडी मशीनच्या हाताखाली फिरवावी लागते. म्हणून दोन-दोन ओळींची पट्टी जोडून झाली की तिच्या आतल्या टिपा तिथेच उरकून घ्या. पट्टीच्या बाहेरच्या कडेच्या चंद्रकोरी तेवढ्या मोकळ्या ठेवा, त्या पुढची पट्टी जोडल्यावर. लहान बाळासाठी असेल तर मीसुद्धा वर्तुळंच सुचवेन.

लष्करकर (ग्वाल्हेर)

खिसे ठेवता येतील का? मुलांना खिसा असलेली गोधडी हवी आहे.

टेलरमास्तर_राजवाडा

येतील. मागचा खिसा साधारण सहा इंच रुंद, सात इंचांच्या चौकोनात बसतो. खिशाची कड शिवणीच्या अर्ध्या इंचात येता कामा नये, म्हणून साचा खिशाच्या मधोमध धरून कापा. त्या चौकोनाला फुली मारली तर खिसा बंद होतो. त्याऐवजी खिशाबाहेरून चौकोनी टीप मारून फ्लॅनेल धरा. खिसे बाहेरच्या दोन ओळींत ठेवा, मधे पोटाखाली टोचतात.

रंगसंगती

पहिल्या धुण्याचं राहिलं. काप दिल्यावर धुतल्याशिवाय झालर होत नाही, आणि पहिल्या धुण्यात सूत इतकं निघतं की मशीनची जाळी गच्च होते. आधी गच्चीत दोघांनी दोन टोकं धरून जोरात झटका. मशीनमध्ये गोधडी एकटीच घाला, ड्रमभोवती सारखी पसरून, नाहीतर पिळताना मशीन हलतं. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधा, सूत त्यात अडकेल आणि मोरीची जाळी तुंबणार नाही. मधे एकदा मशीन थांबवून आतली जाळी साफ करा. निघालेलं सूत सुक्या कचऱ्यात.

बोरिंगच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि झालर ताठ वाळते. इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी धुवा. बहुतेक वसाहतींत एक दिवसाआड येतं, तेवढं आधी ठरवा. वाळत घालताना एका दोरीवर टाकू नका, पाणी धरल्यावर वजन कितीतरी वाढतं. दोन दोऱ्यांवर, फ्लॅनेलची बाजू उन्हाकडे. अर्धवट ओली असताना कपड्यांच्या ब्रशने सगळ्या शिवणी आडव्या-उभ्या घासा आणि पुन्हा झटका. तीन धुण्यांनंतर झालर पूर्ण फुलते. त्यानंतर सुटणारे लांब धागे ओढू नका, कात्रीने कापा.

नवी_सुई

शेवटची शंका. काही वर्षांनी एखादा चौकोन झिजला तर?

टेलरमास्तर_राजवाडा

आधी फ्लॅनेल झिजतं, डेनिम टिकतं. चारही शिवणी उसवून चौकोन बदलायला जाऊ नका, झालरीचा कपडा पुन्हा शिवण धरत नाही. फ्लॅनेलचा नवा तुकडा धुवून साडेसात इंचांचा कापा, चारही बाजू पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, सात इंचांचा होईल. तो जुन्या फ्लॅनेलवर ठेवून शिवणीच्या रेघेलगत हाताने बारीक तुरपाई करा, मग डेनिमच्या बाजूने जुन्या फुलीवरूनच नवी फुली मारा. डेनिम फाटलं असेल तर तसंच वरून, पण तिथे तुकड्याच्या कडा दुमडू नका, जाड होतं. सव्वासहा इंचांचा तुकडा चौकोनाच्या मधोमध बसवून कडेपासून पाव इंचावर टीप मारा आणि कड मोकळी सोडा. ती बाकीच्या झालरीत मिसळते.